मूल कोणावर गेलं?

बारशाच्या आधीच बाळाची वाटणी झालेली असते. नाक आत्याचं, कपाळ आजोबांचं, बोटं मामाची. स्वभावाची वाटणी जरा उशिरा होते आणि तिच्यात न्याय नसतो. पोर हुशार निघालं तर घराण्याचं रक्त. हट्टी निघालं तर आईचे लाड.

स्वभाव रक्तातून येतो की संस्कारांतून, हा प्रश्न आपण निव्वळ कुतूहलापोटी फारसा विचारत नाही. कोणावर तरी ठपका ठेवायचा असतो, नाहीतर स्वतःवरचा उतरवायचा असतो.

‘खाण तशी माती’ म्हणणाऱ्यांनीच ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ असंही म्हणून ठेवलं. त्यांना दोन्ही अनुभव येत होते. एकासाठी दुसरा त्यांनी टाकून दिला नाही.

रक्त किती आणि संस्कार किती, हे मोजायचं तर जुळी माणसं लागतात. ओहायोतल्या दोन जुळ्या भावांची जन्मानंतर काही आठवड्यांतच ताटातूट झाली होती; १९७९ मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी ते भेटले. दोघंही नखं कुरतडायचे, दोघांचंही डोकं एकाच तऱ्हेने दुखायचं, दोघांनाही सुतारकामाची आवड. मिनेसोटा विद्यापीठातले थॉमस बुशार्ड मग वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा वीस वर्षं अभ्यास करत राहिले. पुढे २०१५ मध्ये जगभरच्या पन्नास वर्षांच्या जुळ्यांवरच्या संशोधनाची एकत्र मांडणी झाली. सुमारे १ कोटी ४५ लाख जोड्या. माणसामाणसांतल्या फरकाचा सरासरी ४९ टक्के वाटा आनुवंशिक निघाला. स्वभावाच्या बाबतीतही आकडा याच्याच आसपास येतो.

पण हा आकडा कुठल्याही एका मुलाचा नव्हे. शेजारच्या मुलीचा अबोलपणा निम्मा बाबांचा आणि निम्मा शाळेचा, असं त्यावरून म्हणता येत नाही. ज्या गावात प्रत्येकाला पोटभर मिळतं, तिथे मुलांच्या उंचीतला फरक बहुतेक रक्ताचा असतो. जिथे निम्म्यांना मिळत नाही, तिथे तो ताटाचा असतो. रक्त तेच, टक्के बदलतात.

उरलेला वाटाही आईवडिलांच्या नावावर जमा होत नाही. एका घरात, एका शिस्तीत वाढलेली भावंडं त्या घरामुळे स्वभावाने सारखी होत नाहीत. जे साम्य दिसतं ते बहुतांशी रक्ताचं. बाकीचं ज्याचं त्याचं: एखादं आजारपण, एक मित्र, चौथीतल्या बाई, नुसता योग. आपण मुलाला घडवलं असं समजणाऱ्या पालकांना हे पचत नाही. मला यात मोठा दिलासा दिसतो.

हार्वर्डचे जेरोम केगन चार महिन्यांच्या बाळांना समोर ठेवून बघायचे. डोळ्यांपुढे रंगीत खेळणं हलवायचं, अनोळखी आवाज ऐकवायचा, नाकाशी उग्र वासाचा बोळा धरायचा. काही बाळं शांतपणे बघत राहायची. पाचातलं एखादं मात्र हातपाय झाडायचं, पाठीची कमान करायचं, रडायचं. या रडणाऱ्यांतली बरीच पुढे बुजरी निघाली. सगळी नाही; वाढता वाढता अनेकांची भीती निवळली. मात्र त्यांच्यातलं धिटाईच्या अगदी दुसऱ्या टोकाला क्वचितच कोणी पोचलं. चार महिन्यांच्या त्या बाळावर अजून कुणी संस्कार केले नव्हते. ते येतानाच काहीतरी घेऊन आलं होतं.

हे न मानल्याची किंमत आयांनी मोजली आहे. ब्रूनो बेटलहाइम यांचं १९६७चं पुस्तक आलं तेव्हा अमेरिकेत स्वमग्न मुलाच्या आईला तिच्याच तोंडावर सांगितलं जाई, की तुझ्या थंडपणाने हे मूल असं झालं. रात्र रात्र जागून ज्या बाईने त्या मुलाला सांभाळलं, तिला हे ऐकावं लागलं. सूझन फोल्स्टाइन आणि मायकल रटर यांनी १९७७ मध्ये २१ जुळ्या जोड्या तपासल्या. ११ एकसारख्या जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुलं स्वमग्न होती. १० भिन्न जोड्यांत अशी एकही नव्हती. म्हणजे मुळाशी आईचा थंडपणा नव्हता, बरंचसं रक्त होतं. तोवर त्या आयांची उमेदीची वर्षं अपराधी भावनेत गेली होती.

उलट बाजूची किंमत आपल्याच मातीत मोजली गेली. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने गुन्हा जन्माला चिकटवला. पुढे पारधी, कैकाडी, टकारी यांच्या नावांची नोंद झाली, रोजची हजेरी आली, त्यांना डांबण्यासाठी उभारलेल्या सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचं कुंपण पडलं. त्याआधीच १८९७च्या दुरुस्तीने अशा जमातींची चार ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवायची मुभा सरकारला दिली. रक्तातच दोष असेल तर सुधारणार काय होते? आणि सुधारता येत असेल तर जन्मतःच गुन्हेगार कसं ठरवलं? सत्तेला दोन्ही उत्तरं एकाच वेळी सोयीची होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला. पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी अजूनही आधी पारध्यांच्या पालांवर जाते.

संगोपनाने काहीच होत नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. चाउशेस्कूच्या राजवटीनंतर रुमानियातले अनाथाश्रम जगाला दिसले. ओळीने पाळणे, आणि कडेवर घेणारं कोणी नाही. २००० पासून बुखारेस्टमध्ये अशा १३६ मुलांचा अभ्यास झाला. त्यातली निम्मी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून कुटुंबांत दिली गेली. ती सावरली. दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळालं, ती अधिक सावरली. माया नसेल तर कुठल्याही स्वभावाचं मूल कोमेजतं.

मला सर्वांत पटतात ते स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस. हे मनोविकारतज्ज्ञ जोडपं. प्रत्येक गोष्टीत आईला जबाबदार धरण्याचा त्यांना वीट आला होता. १९५६ पासून न्यूयॉर्कमधल्या शंभरावर मुलांना ते लहानपणापासून थेट मोठेपणापर्यंत बघत राहिले. त्यांनी स्वभावाचे तीन प्रकार केले: सोपी मुलं, अवघड मुलं, हळूहळू रुळणारी मुलं. आणि प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, की सुमारे ३५ टक्के मुलं यांतल्या कुठल्याच प्रकारात बसत नाहीत. प्रकारांवर बेतलेल्या चाचण्या घेऊन माणसं नेमणाऱ्या कंपन्यांनी हे वाक्य भिंतीवर लावावं.

त्यांचं खरं सांगणं पुढचं आहे. अवघड मूल बिघडतंच असं नाही, सोपं मूल सुखी होतंच असं नाही. मुलाचा स्वभाव आणि भोवतालच्यांच्या अपेक्षा यांचं जमतं की नाही, यावर बरंच ठरतं. बुजरी मुलगी शांत घरात नुसती शांत असते. रोज चारचौघांत पुढे ढकलणाऱ्या घरात तीच भित्री ठरते. मुलगी बदललेली नाही. तिच्याविषयीचं मत बदललं, आणि ते मत तिने स्वतःचं मानलं.

स्वभाव मूल घेऊन येतं. त्या स्वभावाची लाज वाटावी की नाही, हे त्याला आपण शिकवतो. आपली सत्ता एवढीच आहे, आणि ती लहान नाही.

तेव्हा पाहुणे आल्यावर पडद्याआड उभ्या राहिलेल्या मुलाला हाताला धरून ओढू नका, ‘आमचा हा असाच मुखदुर्बळ’ असं त्याच्यादेखत सांगू नका. चहा होईपर्यंत थांबा. ते आपणहून येईल. नाहीच आलं तर त्याचा बिस्किटाचा वाटा आत नेऊन द्या.