हैदरच्या थैलीचे काय झाले

आळंदी देवाची,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. बाळ,


कार्तिकी वारीची गर्दी ओसरली, इंद्रायणीचा घाट मोकळा झाला, म्हणून आज निवांत उत्तर लिहायला बसलो. चाकणला कामगारांच्या मुलांसाठी तू रविवारचा वर्ग चालवतेस, आणि आता एक ठेकेदार वह्या-दप्तरांचे पैसे द्यायला निघाला आहे. घ्यावेत की नाही, असे विचारलेस. शिवाय मुलांचे आईबाप ‘ह्यात तुमचा काय फायदा?’ म्हणून संशयाने बघतात, तेही लिहिलेस. दोन्हींवर मला एकच माणूस आठवतो.

ख्रिश्चियन फ्रेडरिक श्वार्ट्झ. जर्मन लुथरन पाद्री, पण हाडाचा मास्तर. 1779 साली मद्रासच्या इंग्रज गव्हर्नरने त्याला बोलणी करायला श्रीरंगपट्टणला म्हैसूरच्या हैदरअलीकडे पाठवले. परतताना हैदरने वाटखर्चाला 300 रुपयांची थैली दिली. श्वार्ट्झने ती परत करून यजमानाचा अपमान केला नाही आणि खिशातही घातली नाही. सरळ ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. कंपनी घेईना, तेव्हा ते पैसे तंजावरच्या अनाथ मुलांच्या शाळेकडे वळवले. तूही ठेकेदाराचे पैसे घे. पावती फाड, हिशेब भिंतीवर लाव. त्याच्या नावाचा फलक मात्र वर्गात नको.

आता तू म्हणशील, आळंदीच्या म्हाताऱ्याला लुथरन पाद्री कुठून सुचला? अगं, तंजावर म्हणजे आपल्याच भोसल्यांचे राज्य, शहाजीराजांचे धाकटे चिरंजीव व्यंकोजी यांनी स्थापलेले. त्याच किनाऱ्यावर तरंगमबाडीला डेन्मार्कच्या राजाची वखार होती आणि 1706 पासून तिथे जर्मन लुथरन मिशनरी येत. श्वार्ट्झ तिथे 1750 मध्ये उतरला, तो पुन्हा मायदेशी गेलाच नाही. लग्न केले नाही. तिरुचिरापल्लीला एका जुन्या इमारतीत, खाट आणि तो मावेल एवढ्याच खोलीत राहायचा. भात आणि भाजी खायचा. तमिळ शिकला, फारसी शिकला आणि तंजावरच्या दरबारात राजाशी बोलता यावे म्हणून चक्क मराठीही शिकला. आपल्या गावात जोग महाराजांनी 1917 मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली. तेही ब्रह्मचारी, तरुणपणी तालमीतले पैलवान. तेव्हा पोरांना शिकवण्यात जन्म घालवणारा माणूस आळंदीकराला परका वाटू नये.

संशयाचे म्हणशील, तर तो श्वार्ट्झवरही असणारच. तो धर्मप्रचाराला आला होता आणि ते त्याने कधी लपवले नाही. तरी पुढे तंजावर, रामनाड, शिवगंगा इथे इंग्रजी शाळा निघाल्या, तेव्हा त्यांत बरीच मुले ब्राह्मणांच्या घरची होती. फसवून कोणाला बाटवायचे नाही, हा त्याचा दंडक लोकांनी पारखून घेतला होता.

पारखायची खरी वेळ हैदरच्या स्वारीत आली. 1780 नंतर मुलूख उजाड झाला, तंजावरच्या किल्ल्यात धान्य संपत आले. बाहेर धान्य होते, पण आणायला बैल नव्हते. राजा बोलावत होता, कंपनी बोलावत होती. पैसे बुडवतील या भीतीने शेतकरी जनावर सोडेना. शेवटी श्वार्ट्झला मध्ये घातले. मोबदला मी स्वतः देईन, असा त्याने निरोप धाडला. एक-दोन दिवसांत हजार बैल गोळा झाले आणि थोड्याच काळात 80,000 कलम धान्य किल्ल्यात आले (कलम हे तिकडचे धान्याचे माप). राजाच्या शिक्क्याला जे जमले नाही, ते मास्तरच्या शब्दाला जमले, कारण आधी कित्येक वर्षे तो ज्याचे त्याला देत आला होता. चाकणचे आईबाप दोन महिन्यांत विश्वास टाकतील अशी घाई तू का करतेस?

1787 मध्ये तंजावरचे तुळजाराजे वारले. मरणापूर्वी त्यांनी दत्तक मुलगा सरफोजी, जेमतेम दहा वर्षांचा, श्वार्ट्झच्या हाती सोपवू पाहिला. श्वार्ट्झने पालक म्हणून मुलाच्या चुलत्याचे, अमरसिंहाचे नाव सुचवले आणि तिथेच घोटाळा झाला. चुलत्याने मुलाला जवळजवळ कोंडूनच घातले. श्वार्ट्झ भेटायला गेला तर अंधाऱ्या खोलीत दिव्याच्या उजेडात पोर बसलेले, शिकणे बंद. पुढे 1793 मध्ये त्याला मद्रासला हलवले, तिथे त्याचा अभ्यास सुरू झाला.

हा भाग मला तितकासा निर्मळ वाटत नाही. सरफोजींच्या गादीवरच्या हक्कासाठी श्वार्ट्झने कंपनीकडे शब्द टाकला, 1798 मध्ये ते गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षी तहाने राज्य कंपनीच्या हाती गेले. राजाकडे उरला किल्ला आणि मान. मास्तरची माया खरी, पण तिचा फायदा कोणी उठवला तेही विसरू नकोस.

श्वार्ट्झ त्याच 1798 च्या फेब्रुवारीत गेला. सरफोजींनी लंडनच्या शिल्पकार फ्लॅक्समनकडून त्याचे संगमरवरी शिल्प करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसवले आणि गुरूवर स्वतः इंग्रजीत पद्य रचले. धर्म मात्र बदलला नाही. शेवटपर्यंत शिवभक्त राहिले, काशीयात्राही केली. शिकलेले वाटत सुटले: सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, शाळा काढल्या, देवनागरीचा छापखाना घातला. त्यातून 1806 मध्ये इसापाच्या गोष्टी मराठीत ‘बालबोध मुक्तावली’ नावाने छापून निघाल्या. तोवर पुण्या-मुंबईच्या मुलांच्या हाती छापील गोष्टीचे पुस्तक आलेले नव्हते बरं!

हे सगळे तुला नुसते वाचून कळायचे नाही. तंजावरला उन्हाळ्यात जीव जातो, म्हणून पोंगलनंतरची तिकिटे काढ, आम्ही दोघेही येतो. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजींनी 1803 मध्ये भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरवून ठेवला आहे. तुझ्या आजीला तो वाचायचा आहे. चष्म्याचा नंबर तपासून घे म्हणून मी तिच्या मागे लागलोय, ती ऐकत नाही. तू फोन करून सांग.

तुझा,
आजोबा