भेटीस जाणे

मनुष्य मित्राच्या भेटीस जातो तेव्हा तो त्याला नेमके काय देतो, या प्रश्नाचा विचार आपण फारसा करीत नाही. कारण भेट ही सहजप्राप्त गोष्ट आहे असे आपण अलीकडे गृहीत धरून चाललो आहोत. ज्या काळी मुंबईहून सुटलेली आगबोट हर्णै किंवा दाभोळ येथे नांगर टाकी आणि उतारूंना पडावात बसून किनारा गाठावा लागे, त्या काळी गावी आलेल्या माणसाच्या नुसत्या येण्यालाच मोल होते. आता पडद्यावर मित्राचा चेहरा क्षणात उमटतो, त्याची खुशाली कळते आणि कर्तव्य पार पडल्याच्या समाधानाने आपण निश्चिंत होतो. या सोयीची मी निंदा करीत नाही. दूरदेशीच्या मुलाचा आवाज रोज ऐकणाऱ्या आईला तिचे मोल विचारावे. परंतु खुशाली कळणे आणि भेट होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांतील भेद मला पुण्याहून बुरोंडीपर्यंत मोटारसायकलीवर एकट्याने केलेल्या प्रवासात जितका स्पष्ट झाला, तितका केवळ चिंतनाने कधी झाला नसता.

बुरोंडी हे दापोली तालुक्यातले, लाडघर आणि कोळथरे यांच्या दरम्यानचे समुद्रकाठचे गाव. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली खरी, पण ती खेडावरून निघून जाते. समुद्रकाठच्या या टापूला रस्त्यावाचून गत्यंतर नाही. ताम्हिणीचा घाट उतरून माणगाव, तेथून महाड, पोलादपूर, कशेडीची वळणे, खेड आणि दापोली असा माझा मार्ग होता, आणि त्या मार्गावर माझे स्नेही विखुरलेले होते: एक महाडास, एक दापोलीस आणि एक थेट बुरोंडीस. शिक्षणाने एका खोलीत आणलेली आणि पोटापाण्याने चहूकडे पांगवलेली ही माणसे. अशा पांगलेल्या मैत्रीचा नकाशा मनात असतोच; तो पायाखालून, निदान चाकाखालून, एकदा गेल्यावाचून त्याची खरी लांबीरुंदी कळत नाही.

एकटेच का जावे, असे पुष्कळांनी विचारले. सोबतीच्या प्रवासाचे माहात्म्य मी जाणतो. 1952 च्या आरंभी अर्नेस्तो गेव्हारा आणि आल्बेर्तो ग्रानादो हे दोन मित्र एका जुन्या नॉर्टन मोटारसायकलीवर आर्जेंटिनातून निघाले. चिलीमध्ये गाडीने दम तोडला तरी त्यांचा प्रवास थांबला नाही, आणि त्या प्रवासाने पुढे चे या नावाने जगाला ठाऊक झालेल्या तरुणाचे अवघे आयुष्य वळविले. परंतु तेथे मित्र शेजारी होता, आणि दोघे मिळून जग पाहात होते. ज्याचा मित्र मार्गाच्या शेवटी आहे, त्याचा प्रवास निराळ्या जातीचा असतो. त्याला सोबत नसते म्हणूनच ज्याच्याकडे तो चालला आहे त्याचा विचार करण्यास अवकाश मिळतो. शिरस्त्राणाच्या आत वाऱ्याचा आणि यंत्राचा एकच अखंड घोष चालू असतो, बोलण्याला कोणी नसते, आणि पहिल्या दोन तासांत शहरातून बरोबर आणलेली कामे, देणी, उणीदुणी एकेक करून मागे पडल्यावर मनात मागची वर्षे हळूहळू वर येऊ लागतात. कोणत्या प्रसंगी कोणी आपल्यासाठी काय केले होते, आणि आपण ते किती सहज विसरलो होतो, याची उजळणी होते. मित्राच्या दाराशी पोहोचण्यापूर्वी मन अशा रीतीने त्याच्यासाठी रिकामे व्हावे, हा एकांताचा मोठा उपकार आहे. जो स्वतःशी काही काळ राहिला नाही, तो दुसऱ्याकडे जाऊनही बहुधा स्वतःविषयीच बोलत बसतो.

दुचाकीवरच्या माणसाला छप्पर नसते, म्हणून मुलूख त्याच्या अंगावरून जातो. मार्गशीर्षाचे दिवस होते. भाताची कापणी होऊन शेतांत उडव्या रचलेल्या होत्या, घाटाच्या सावलीतला गारवा बोटे आखडून टाकीत होता, आणि वळण संपून उन्हात येताच वाळल्या गवताचा कढत वास येत होता. महाडास सावित्रीवरच्या नव्या पुलाशी मी थांबलो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री येथला ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल पुरात वाहून गेला आणि दोन एस. टी. गाड्या उतारूंसह नदीत गेल्या. त्या उतारूंत कोणी मुंबईला कामावर परतत असेल, कोणी आप्तांना भेटून येत असेल. रस्ता ही आपल्याला निसर्गदत्त वस्तू वाटते. वस्तुतः माणसे एकमेकांकडे जाऊ शकतील अशी समाजाने घेतलेली ती हमी आहे, आणि ती मोडते तेव्हा केवळ दगडमाती मोडत नाही. महाडच्या मित्राने त्या रात्रीची हकीकत मला त्याच काठावर उभे राहून सांगितली. तीच त्याने पूर्वी दूरध्वनीवरही सांगितली होती. परंतु बोलताना तो मध्येच थांबून पाण्याकडे किती वेळ पाहतो, हे मला तेव्हा कळले नव्हते.

बुरोंडीच्या मित्राकडे जाण्याचे निमित्त दुःखाचे होते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि दापोली, मंडणगड या तालुक्यांतील माड, पोफळी, आंबे यांची त्याने धूळधाण केली. विजेचे खांब आडवे झाले, दूरध्वनीचे मनोरे बंद पडले, आणि ज्या साधनावर आपण सारे नाते सोपविले होते ते ऐन गरजेच्या वेळी मुके झाले. महामारीमुळे जिल्ह्याबाहेर जाण्यास परवान्याचे बंधन होते. पुढे संपर्क सुरू झाला तेव्हा मित्र म्हणाला, "ठीक आहे, चाललंय". आणि मीही त्या शब्दांवर विसंबलो. बंधने उठली, पाऊस सरला, तेव्हा मी निघालो.

त्याच्या अंगणात पाऊल टाकले आणि पूर्वी तेथे कधीही न पाहिलेली गोष्ट पाहिली: भर दुपारचे ऊन. ज्या आगरात चैत्रातही दिवसा संध्याकाळ वाटे, मिरवेलींनी वेढलेल्या पोफळींतून उजेडाचे कवडसे तेवढे जमिनीवर पडत, तेथे आता पडवीपर्यंत आकाश आले होते. मित्राची आई म्हणाली, "एकटाच आलास होय रे एवढ्या लांब? आधी हातपाय धू, मग बोल." मग मित्राने आगर दाखविले. पोफळीच्या कोवळ्या रोपाला दुपारचे ऊन सोसत नाही, म्हणून त्याने आधी केळी लावल्या होत्या. त्यांच्या सावलीला सुपारीची रोपे जगायची, आणि ती फळाला येण्यास पुढे पाच-सात वर्षे जायची. पडलेल्या झाडांचा पंचनामा सरकारदप्तरी झाला होता, आणि तो आवश्यकही होता. क्षेत्र आणि संख्या यांवाचून शासन मदत तरी कशी करणार? परंतु वडिलांनी लावलेला माड कोणता होता, हे पंचनाम्याच्या रकान्यांत लिहिता येत नाही. ते ऐकून घेण्यासाठी कोणीतरी त्या जागी उभे राहावे लागते.

सायंकाळी आम्ही गावच्या टेकडीवर गेलो. तेथे पृथ्वीच्या अर्धगोलावर परशुरामाचा भव्य पुतळा उभा आहे. समुद्राला मागे सारून त्याने ही भूमी मिळविली अशी कथा आपण सारे लहानपणापासून ऐकतो. त्या संध्याकाळी मला वाटले की ती भूमी एकदाच मिळालेली नाही; प्रत्येक वादळानंतर मागे राहिलेल्या माणसांना ती केळीच्या सावलीला एकेक रोप लावून पुन्हा मिळवावी लागते. जी माणसे हे करतात त्यांच्याजवळ दोन दिवस बसणे, हे आम्हां निघून गेलेल्यांचे किमान ऋण आहे.

अशा जाण्यावर एक आक्षेप न्याय्य आहे. पाहुणा येतो तेव्हा त्याचा भार घरातल्या स्त्रियांवर पडतो, आणि मैत्रीची थोरवी गाणारे पुरुष बहुधा तो मोजीत नाहीत. म्हणून आगाऊ वर्दी द्यावी, मुक्काम आटोपशीर ठेवावा, घरच्या कामाला हात लावावा. प्रवासातही उजेडी मुक्काम गाठावा. मित्राला आपली वाट पाहण्याचा आनंद द्यावा, घोर लावू नये.

कोकणातला चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला गावी येतो. पालखी आणि घरचा गणपती त्याला बोलावून घेतात, आणि त्या दोन सणांनी पांगलेली घरे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राखली आहेत. कुळासाठी, दैवतासाठी पंचांगात दिवस नेमलेले आहेत. मित्रासाठी असा एकही दिवस नेमलेला नाही, त्याच्याकडे न गेल्यास कोणी दोष देत नाही, आणि म्हणूनच ती भेट सर्वांत आधी लांबणीवर पडते. जे कोणत्याही रूढीने आपल्यावर लादलेले नाही ते स्वेच्छेने पार पाडणे, हीच मैत्रीची कसोटी आहे. तेव्हा ज्याच्या अंगात बळ आहे आणि ज्याला वाहन हाकता येते, त्याने वर्षातून एकदा तरी आपल्यापुरता दिवस नेमावा, आणि "ठीक आहे, चाललंय" असे म्हणणाऱ्या मित्राचे खरोखर कसे चालले आहे, हे त्याच्या अंगणात जाऊन पाहावे.