खालच्या काठचा शेजारी

शहराने पर्यावरण कसे जपावे ह्याची चर्चा आज सर्वत्र चालू आहे. झाडे लावा, सौर दिवे बसवा, कचरा वेगळा करा, असे उपाय सुचविले जातात. उपाय चांगलेच आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे. आपल्या राहणीचा खर्च कोण भरतो?

दमणगंगेच्या काठी हा प्रश्न स्पष्ट दिसतो. नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीत उगम पावणारी ही नदी मधुबन धरणातून निघून सिल्वासावरून वापीकडे जाते व दमण येथे समुद्रास मिळते. दादरा व नगर हवेलीची लोकसंख्या २००१ साली २,२०,४९० होती. २०११ साली ती ३,४३,७०९ झाली. कामासाठी दूरदूरचे लोक आले. खेरडीसारख्या गावांतही कारखाने उभे राहिले. २०१८ साली सिल्वासाची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली. नदीच्या खालच्या अंगास असलेली वापी मात्र २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पाहणीत देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत दुसरी ठरली होती.

कोणी म्हणेल, कारखाने बंद करा. मग मजुराच्या चुलीचे काय? पोटासाठी आलेल्या माणसास नदीच्या नावाने उपाशी ठेवणे हा न्याय नव्हे. दुसरा म्हणेल, रोजगार हवा तर थोडे सोसावे. पण सोसायचे कोणी? सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च एखाद्या कारखान्याने वाचविला की माल स्वस्त होतो. तो आपण आनंदाने विकत घेतो आणि उरलेली किंमत खालच्या काठचा कोळी व शेतकरी भरतो. त्याची संमती कोणी घेतलेली नसते.

माझा शेजारी कोण, असे एकाने प्रभू येशूला विचारले होते. नदीकाठी ह्याचे उत्तर असे की, आपण वापरलेले पाणी ज्याच्या दारावरून पुढे वाहते तो. म्हणून शहराची परीक्षा चौकातील बागेवरून करू नये. शहराबाहेर पडणाऱ्या नाल्यावरून करावी.

ह्या कसोटीने उपायांचा क्रम ठरतो. प्रथम सांडपाणी शुद्ध करून शक्य तेवढे कारखान्यातच पुन्हा वापरावे. नंतर ओला व सुका कचरा घरोघरी वेगळा व्हावा. शोभेची कामे शेवटी. ह्यापायी वस्तूला दोन पैसे अधिक पडले, तर ते देण्याची तयारी आपण ठेवावी.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना एवढेच शोधावयास सांगावे : आपल्या मोरीचे पाणी कोठे जाते, आणि तेथे कोण राहते?