योग्यता आणि अधिकार

अधिकार हा योग्यतेच्या मागून यावयाचा, कीं योग्यता दाखविण्यापूर्वींच तो मान्य व्हावयास हवा, हा प्रश्न नीतिविचारांत जुना आहे. 'आधीं लायक व्हा आणि मग मागा' हा उपदेश प्रबलांकडून दुर्बलांस नेहमींच मिळत आला आहे. स्वराज्य मागणाऱ्या आपल्या वाडवडिलांनींही तो पुष्कळ वर्षें ऐकला. वरवर पाहतां उपदेश रास्त दिसतो. परंतु लायकी निर्विवाद सिद्ध झाल्यावर उपदेशक आपला शब्द पाळतो कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून त्याची खरी किंमत कळत नाहीं. ही कसोटी पाहण्यास केंब्रिज विद्यापीठांत शिकलेल्या पहिल्या स्त्रियांचा इतिहास फार सोयीचा आहे. कारण तेथें लायकी कोणाच्या अभिप्रायावर नव्हे, तर परीक्षेच्या गुणांवर ठरत होती.

एमिली डेव्हिस ह्या बाईंनीं १८६९ सालीं हिचिन येथें भाड्याच्या घरांत पांच विद्यार्थिनींचें कॉलेज काढलें. १८७३ मध्यें तें केंब्रिजलगतच्या गर्टन गांवीं गेलें व त्याच नांवानें प्रसिद्धीस आलें. त्याच सुमारास, १८७१ मध्यें, हेन्री सिज्विक ह्यांनीं केंब्रिजांत एक घर घेऊन कुमारी क्लफ ह्यांच्या देखरेखीखालीं मुलींची सोय केली. त्यांतून न्यूनहॅम कॉलेज उभें राहिलें. नीतिशास्त्रावरील ग्रंथामुळें सिज्विक आपल्याकडील तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेतच. दोन्ही संस्थांचा हेतु एक, पण मार्गाविषयीं मतभेद तीव्र. डेव्हिसबाईंचा हट्ट असा कीं, मुलींनीं मुलांचाच अभ्यासक्रम, मुलांना लागू असलेल्या मुदतींत, ग्रीक-लॅटिनच्या प्राथमिक परीक्षेसह पुरा केला पाहिजे. सिज्विक ह्यांस ती सक्ति मुलांवर लादलेलीही पसंत नव्हती. मग ज्या मुलींस शाळेंत ग्रीक शिकावयास मिळालेंच नाहीं, त्यांनीं त्या जोखडाखालीं मान कां द्यावी, असें त्यांचें म्हणणें होतें.

शिक्षणाच्या दृष्टीनें पाहिलें तर आम्हांस सिज्विक ह्यांचाच पक्ष बरोबर वाटतो. वांकडी मोजपट्टी सर्वांना सारखी लावल्यानें ती सरळ होत नाहीं. पण जगाच्या स्वभावाची पारख डेव्हिसबाईंना अधिक होती. निराळी परीक्षा म्हणजे सोपी परीक्षा, असें जग धरूनच चालतें, आणि त्या परीक्षेंत मिळविलेलें यश मग कोणी हिशेबांत घेत नाहीं. महाराष्ट्रासही हा पेंच नवा नाहीं. १९१६ सालीं अण्णासाहेब कर्वे ह्यांनीं मातृभाषेंतून शिकविणारें, निराळ्या अभ्यासक्रमाचें महिला विद्यापीठ काढलें. त्यामागील कारणें सिज्विकांहून वेगळीं होतीं; तथापि सर्वांना एकाच मापानें मोजूं नये, हा विचार दोहोंकडे सारखा होता. त्या विद्यापीठास कायद्याची मान्यता मिळावयास १९५१ साल उजाडावें लागलें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे डेव्हिसबाईंची भीति अगदींच अनाठायीं होती असें म्हणवत नाहीं.

त्यांच्या मार्गानें जो पुरावा हातीं आला तो मात्र अपूर्व होता. १८८० सालीं गर्टनच्या शार्लट स्कॉट हिनें गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेचे पेपर खास परवानगीनें सोडविले, तेव्हां तिचें स्थान आठव्या क्रमांकाच्या बरोबरीचें ठरलें. पुढील वर्षीं विद्यापीठानें स्त्रियांस ह्या परीक्षांना बसण्याचा हक्क दिला. पदवी मात्र दिली नाहीं. १८८७ मध्यें ग्रीक-लॅटिनच्या ट्रायपॉसांत पहिल्या वर्गाच्या पहिल्या विभागांत एकच नांव लागलें, आणि तें ॲग्नेटा रॅम्झी ह्या मुलीचें होतें. १८९० मध्यें फिलिपा फॉसेट गणितांत सर्वांच्या वर आली. पार्लमेंटांत हिंदुस्थानची बाजू मांडणारे अंध अर्थशास्त्रज्ञ हेन्री फॉसेट ह्यांची ही मुलगी. गणितांत पहिल्या येणाऱ्यास सीनियर रँग्लर म्हणत. १८९९ मध्यें हा मान रघुनाथराव परांजपे ह्यांनीं मिळविल्यामुळें मराठी वाचकास त्याची थोरवी सांगावयास नको. फिलिपेला तो मान मिळाला नाहीं. स्त्रियांची यादी वेगळी वाचली जाई, आणि तींत तिचें स्थान 'सीनियर रँग्लरच्या वर' असें सांगण्यांत आलें.

ह्याहून मोठा पुरावा कोणता असूं शकतो? तरीही १८९७ सालीं स्त्रियांस पदवी देण्याचा ठराव पुढें आला तेव्हां तो मोठ्या बहुमतानें फेटाळला गेला. त्या दिवशीं पुरुष विद्यार्थ्यांनीं सायकलवर बसलेल्या स्त्रीचें बुजगावणें भर रस्त्यावर टांगलें होतें. १९२१ मध्यें पुन्हां नकार आला; पदवीचें नांव लावण्याची मुभा तेवढी मिळाली, आणि विजयाच्या कैफांत कांहीं विद्यार्थ्यांनीं न्यूनहॅमच्या फाटकाची मोडतोड केली. ऑक्सफर्डनें १९२० मध्येंच पदव्या दिल्या होत्या; केंब्रिजच्या स्त्रियांना पूर्ण पदवीचा हक्क १९४८ मध्यें लाभला. फिलिपा फॉसेट त्याच वर्षीं वारली.

म्हणजे अडचण पुराव्याची नव्हतीच. पदवीच्या मागोमाग विद्यापीठाच्या कारभारांत मत येत होतें, आणि तें वांटून देण्याची बहुसंख्य पदवीधरांची तयारी नव्हती. सत्तेच्या प्रश्नास लायकीच्या प्रश्नाचा वेष दिला होता, इतकेंच.

येथें केंब्रिजांतील एक जुनी चाल आठवते. गणिताच्या ट्रायपॉसांत जो अगदीं शेवटीं येई, त्याच्यासाठीं पदवीदानाच्या वेळीं त्याचे सोबती वरच्या गॅलरींतून एक भला मोठा लांकडी चमचा खालीं सोडीत. १९०९ पर्यंत ही थट्टा चालली. सर्वांच्या शेवटीं आलेल्या ह्या विद्यार्थ्यास चमच्याबरोबर पदवीही मिळे, आणि ती मिळूं नये असें कोणाच्या स्वप्नांतही आलें नाहीं. त्याचा हक्क न्यूटनच्या बुद्धीवर अवलंबून नव्हता. तो उत्तीर्ण झाला होता, एवढें पुरे होतें. फॉसेटच्या बाबतींत मात्र सर्वांच्या वर येणेंही पुरेसें ठरलें नाहीं. एका वर्गास साधारण असण्याची मोकळीक आणि दुसऱ्यास असाधारण असण्याची अट, ह्या भेदांतच सगळा अन्याय साठविलेला आहे.

मग त्या पहिल्या स्त्रियांचे परिश्रम व्यर्थ गेले काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पुराव्यानें विरोधकाचें मन वळत नसलें, तरी त्याची सबब हिरावली जाते. 'मुलींना हें झेपणार नाहीं' असें १८९० नंतर कोणास तोंड वर करून म्हणतां येईना. खरें कारण बोलून दाखविणें भाग पडलें, आणि तें एकदां उघडें झालें म्हणजे फार काळ टिकाव धरीत नाहीं. आपल्याकडील कॉर्नेलिया सोराबजींचें उदाहरण घ्या. नाशिकांत जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेल्या ह्या बाई मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर. त्यांच्या जागीं पुरुष असता तर त्या यशाबद्दल त्यास इंग्लंडांत शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ति मिळाली असती; ती त्यांना स्त्री म्हणून नाकारण्यांत आली. येथें नकार देणारास लायकीची सबब उरलीच नव्हती.

परंतु जो हक्क असाधारण बुद्धीच्या जोरावर मागितला जातो, तो साधारण बुद्धीच्या माणसापर्यंत पोंचेलच अशी खात्री नाहीं. आज ज्या घरांतील पहिलेंच मूल कॉलेजांत येतें, त्याच्याविषयीं आम्ही शिक्षक मंडळी काय बोलतों, हें तपासून पाहावें. त्यांतील एखादें चमकलें कीं आम्ही त्याचा सत्कार करतों, आणि बाकीच्यांकडे बोट दाखवून, ह्यांना येथें कशाला घेतलें, असें विचारतों. सत्कार अवश्य करावा. पण जो कसाबसा उत्तीर्ण झाला त्याची जागाही तितकीच त्याची आहे. आज आमच्या वर्गांतून पुष्कळ मुली मध्यम गुण मिळवून पदवी घेतात आणि त्यांत कोणास कांहीं नवल वाटत नाहीं. फिलिपा फॉसेटच्या पिढीनें ज्यासाठीं अट्टाहास केला, तें ह्या नवल न वाटण्यांतच पदरांत पडलेलें आहे, असें आमचें मत आहे.