मारिएन्थालच्या बायकांची चाल

व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल या गिरणीच्या गावात, १९३१-३२च्या सुमारास, एका खिडकीआड घड्याळ घेऊन काही संशोधक उभे होते. रस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल ते मोजत होते. गिरणी बंद पडून जवळजवळ दोन वर्षं झाली होती. पुरुष रेंगाळत, जागोजागी थांबत चालायचे. बायकांची चाल मात्र झपाझप होती.

मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल ही तरुण मंडळी. खरं तर लाझार्सफेल्ड यांना अभ्यासायची होती कामगारांची फुरसत. समाजवादी नेते ओटो बाउअर यांनी त्यांना अडवलं. लोकांचे रोजगार जात असताना फुरसतीचा अभ्यास कसला करता, असा त्यांचा सवाल होता. त्या एका सवालाने संशोधनाची दिशाच पालटली. आपल्यापैकी कुणी नुसतं बघत बसायचं नाही, गावाच्या उपयोगी पडायचं, असंही या मंडळींनी ठरवलं. त्यांनी कपडे वाटले, दवाखाना चालवला, शिवणाचे वर्ग घेतले. मला या अभ्यासातली ही गोष्ट फार मोलाची वाटते.

बेकारीने माणूस पेटून उठेल, अशी तेव्हा अनेकांची अटकळ होती. गावात दिसलं ते उलटंच. वाचनालयाची वर्गणी माफ होऊनही पुस्तकं नेणारे घटले. दिवसभरात काय केलं, हे पुरुषांना धड सांगता येईना. हाताशी वेळच वेळ होता, पण तो कशालाच पुरत नव्हता.

बायकांचं तसं नव्हतं. स्वयंपाक, धुणं, ठिगळं लावणं, मुलं, यांत त्यांचा दिवस गच्च भरलेला. पगार गेला होता, काम गेलं नव्हतं. तरीही त्यांतल्या कितीतरी जणींना गिरणीत परत जायचं होतं, आणि ते केवळ पैशांसाठी नव्हे. गिरणी चालू असताना आठ तास यंत्रापाशी काढून घरी पुन्हा राबावं लागे, तरीसुद्धा.

मी अडखळते ती इथे. पुरुषांनी सगळंच एकदम गमावलं होतं, त्यामुळे नेमकं काय गेल्याने ते खचले हे वेगळं काढणं अवघड. बायकांकडे दिवसाची घडी शाबूत होती, हात रिकामे नव्हते. मग उणीव कशाची होती? चार भिंतींबाहेरच्या माणसांची.

अभ्यास १९३३ साली पुस्तकरूपाने आला. तोवर जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता. याहोदांना पुढे ऑस्ट्रियात तुरुंगवास झाला, मग देश सोडून इंग्लंड गाठावं लागलं. १९८२च्या पुस्तकात त्यांनी हा विचार नीट बांधला: नोकरी पगाराखेरीज वेळेला आकार देते, घराबाहेरची नाती देते, सामाईक उद्दिष्ट देते, समाजात स्थान देते आणि हातापायांना नेमाचं काम देते.

पण मग कुठलीही नोकरी चांगलीच का? २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की ताणाची, अशाश्वत, माणसाच्या हाती काहीच न ठेवणारी नोकरी मनाला बेकारीइतकीच जाचते, काही वेळा अधिकच. याहोदांच्या मांडणीला ही दुरुस्ती हवीच होती.

आपल्याकडे २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा रोजचा वेळ निघाला सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. हे आकडे वाचताना मला मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या आठवतात. एकट्या गिरणी कामगारांना जेवण घालून त्या संसार चालवत. दाणागोटा उधारीवर, वर व्याजाचा फास. राबणं अखंड, पण प्रत्येकीचं आपापल्या खोलीत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळातून त्यांना एकत्र आणलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. भाकऱ्या पूर्वीच्याच होत्या. फरक एवढाच की कर्जाच्या कागदावर आता एकीच्या नावामागे दुसऱ्या बायका हमी देऊन उभ्या होत्या.