कंटाळ्याचा व्यापार

कोल्हापुरांत सिनेमालाही 'खेळ'च म्हणण्याची रीत आहे: दुपारचा खेळ, रात्रीचा खेळ. म्हणूनच मुलांच्या हातांतील व्हिडिओ गेम व्यापाराच्या दडपणानें बिघडत चालले आहेत, ही तक्रार कानीं आली कीं आम्हांस येथील जुन्या खेळाची आठवण होते.

कला आणि पैसा यांची सांगड नवी नाहीं. बाबूराव पेंटर यांनीं १९२५ सालीं 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. कर्जापायीं जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची ती कहाणी जाणत्यांनीं वाखाणिली. पण पौराणिक चमत्कारांस सरावलेला प्रेक्षक तिकडे फारसा फिरकला नाहीं. पैशाचें दडपण तेव्हांही होतेंच. मात्र त्या व्यवहारास एक मर्यादा होती. दारावर तिकीट फाटलें कीं देणें संपलें. आंत बसलेल्यास चांगलें तेंच दाखविण्यांत मालकाचें हित होतें.

व्हिडिओ गेमच्या धंद्यांतही आरंभीं हेंच होतें. १९८२ च्या नाताळचा बाजार गांठण्यासाठीं अटारी कंपनीनें 'ई. टी.' हा खेळ सुमारें पांच आठवड्यांत तयार करविला. व्हावयाचें तेंच झालें. माल पडून राहिला व कंपनीस तोटा सोसावा लागला. हा दोष व्यापाराचाच. पण त्याची शिक्षाही बाजारानेंच दिली.

आजचा दोष निराळ्या जातीचा आहे. २०१७ सालीं 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' हा खेळ पुरी किंमत देऊन घेणाऱ्यासही डार्थ व्हेडर हें प्रसिद्ध पात्र मिळविण्यास प्रथम ६०,००० गुण ठेविले होते. ते तासन् तास खेळून जमवावे, अथवा पैसे मोजून नशिबाच्या पेट्या उघडीत पुढें सरकावें! लोकक्षोभ झाला, तेव्हां ईए कंपनीनें तो आंकडा १५,००० वर आणला व पैशाची ती खरेदी तूर्त थांबविली. परंतु मूळ प्रश्न तेवढ्यानें सुटत नाहीं. जेथें कंटाळा टाळण्याचेच पैसे मिळतात, तेथें कंटाळा कमी करण्यांत मालकाचें हित उरत नाहीं. तांबडा रस्सा मुद्दाम अळणी वाढावा आणि मिठाचे पैसे निराळे मागावे, तसाच हा प्रकार होय.

फुकट मिळणाऱ्या खेळामुळें गरिबाच्या मुलासही करमणूक लाभते, हें आम्ही नाकारीत नाहीं. कारागिरांचे पगारही कोठून तरी यावयाचेच. किंमत घेण्यास आमची हरकत नाहीं. किंमत यावी म्हणून कृति जाणूनबुजून उणी ठेवण्यास आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर आपल्या संसदेनें २०२५ सालीं बंदीचा कायदा केला. परंतु कायद्यास पणाला लावलेला पैसा दिसतो. पेरून ठेविलेला कंटाळा दिसत नाहीं. तो ओळखणें करणाऱ्याच्या सदसद्विवेकावरच सोंपवावें लागतें.

आमच्या हाताखालून गेलेले कित्येक विद्यार्थी आज संगणकाच्या धंद्यांत आहेत. त्यांस आम्ही एकच कसोटी सांगूं इच्छितों. खेळांत एखादा अडथळा घालतांना तो कां घातला, याचें खरें कारण समोरच्या मुलास मोकळ्या मनानें सांगतां येईल काय? येत असेल, तर खुशाल दाम घ्यावा. सांगण्याचा संकोच वाटत असेल, तर तेथें खेळ संपला आणि सावकारी सुरू झाली, असें समजावें.