नाच कोणता बरवा?

खडी गंमतीची ढोलकी, दंडारीचा ढोल, दिंडीतले टाळ-मृदंग आणि आता नागपूरच्या मिरवणुकांतला डीजे. नाचायला ह्यांत श्रेष्ठ कोणते, असे तरुण मंडळी आम्हांस पुसतात. आम्ही टाळाचाच पक्ष घेणार, हे त्यांनी धरलेलेच असते. तसे नव्हे. तेराव्या शतकात देवगिरीच्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त गीत, वाद्य व नृत्य ह्या तिहींस मिळून संगीत म्हटले. मग नाचास हीन कोण म्हणेल? आमची पावली तरी काय, नाचच की!

भेद वाद्यात नाही, मर्यादेत आहे. मृदंगी म्हाताऱ्याचे पाऊल बघून लय आवरतो. यंत्र आपणहून कुणाकडे बघत नाही. सन 2000 च्या नियमांनी निवासी वस्तीत दिवसा 55 व रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली. पण वाटेवरच्या घरात कुणी आजारी निजला असेल, हे कळायला कायदा कशाला हवा, बापा? आणि भोंगा लावून रात्रभर टाळ कुटणारा तरी ह्या दोषातून सुटतो काय? देवाचे नाव आहे म्हणून त्या रोग्याने जागावे?

थकल्याभागल्याला ज्यात पाऊल टाकता येते आणि शेजाऱ्याची झोप ज्याने मोडत नाही, तो नाच बरवा. वाद्य मग कोणतेही असो.